कोटेशन उघडलं की नाही, आता मला कळतं

"बघतो आणि कळवतो." आमच्या धंद्यात हे वाक्य कानावर पडलं नाही असा दिवस जात नाही. आम्ही म्हणजे मी आणि दादा, नाशिकमध्ये घरांवर नि सोसायट्यांवर सोलर बसवतो, दादा गच्चीवर आणि मी ऑफिसात, त्यामुळे कोटेशन, पोर्टल, महावितरणचे फॉर्म आणि नंतरचा सगळा फॉलोअप माझ्या गळ्यात. आधी सरळ व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकायचे. निळी टिक आली की वाटायचं वाचलं, पण निळ्या टिकेचा अर्थ फक्त चॅट उघडला एवढाच, पीडीएफ उघडली की तशीच पडलीये ते देव जाणे, आणि निम्म्या लोकांनी तर ती टिकच बंद करून ठेवलेली असते.

पण मी पीडीएफ सोडून कोटेशनची लिंक पाठवण्यावर आले ते ह्या कारणाने नाही. आले जीएसटीमुळे.

२२ सप्टेंबर २०२५ ला पॅनलवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. आमच्याकडे बिलाचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के सर्व्हिस असा धरतात, सर्व्हिसवर १८ तसाच राहिला, म्हणजे सगळं मिळून १३.८ चं ८.९ वर आलं. तीन किलोवॅटच्या सिस्टीमला आठ-नऊ हजारांचा फरक! आणि माझ्या जुन्या पीडीएफ पन्नासएक लोकांच्या फोनमध्ये, जुन्या टॅक्ससकट. आता प्रत्येकाला नवीन पाठवायची, मग त्यांच्याकडे दोन फाईली, त्यातली जुनी कुणीतरी मेव्हण्याला फॉरवर्ड केलेली, मेव्हणा म्हणणार हे लोक महाग आहेत. एका काकांनी तर दिवाळीनंतर जुनीच फाईल काढून दाखवली आणि म्हणाले मॅडम, दुसरा तुमच्यापेक्षा नऊ हजार कमी सांगतोय. अहो काका, मीपण कमीच सांगतेय, तुम्ही उन्हाळ्यातली फाईल बघताय!

लिंकचं हे बरं असतं की फाईल माझ्याकडेच राहते. मी आत नवीन टाकली की समोरच्याला त्याच लिंकवर नवीन दिसतं, आणि मुदत घालून ठेवली की रेट बदलल्यावर जुनं कोटेशन भूत बनून परत येत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी लिंक द्यायची, म्हणजे कोणी उघडली, कधी, कुठल्या पानावर किती वेळ थांबलं ते सगळं आपल्याला दिसतं. अशा लिंक बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं डॉकसेंड हे मोठं नाव, २०२१ मध्ये ड्रॉपबॉक्सने विकत घेतलं, पण त्याचे डॉलरमधले पैसे आमच्यासारख्यांना झेपत नाहीत. पेपरमार्क नावाचं एक ओपन सोर्स आहे, सुरुवात करायला पुष्कळ झालं. गूगल ड्राइव्हच्या उघड्या लिंकला मात्र कोण येऊन गेलं ते कळत नाही, आणि बिटलीसारखी छोटी लिंक केली तर क्लिक मोजून मिळतात, पुढे आत काय वाचलं त्याचा पत्ता नाही.

आता मजा. माझं प्रपोजल १६ पानांचं होतं, त्यात पहिली पाच पानं आमची ओळख, फोटो, सौरऊर्जेचं महत्त्व वगैरे, मी रात्र रात्र बसून डिझाईन केलेली. पहिल्याच आठवड्यात कळलं की त्या पाच पानांवर माणसं सरासरी दोन-तीन सेकंद थांबतात आणि थेट किमतीवर जातात. वाईट वाटलं खरं सांगायचं तर. आता किंमत दुसऱ्याच पानावर, आणि त्याच पानावर घरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी, दोन किलोवॅटपर्यंत ३०,००० पर किलोवॅट आणि तीन किंवा जास्तला ७८,०००, ती वजा करून हातातून किती जाणार तो आकडा. एकूण सहा पानं. सौरऊर्जेचं महत्त्व काढून टाकलं, ज्याला ५,००० चं लाईट बिल येतंय त्याला महत्त्व माहीत असतं.

दुसरं एक लक्षात आलं ते जास्त कामाचं. इंदिरानगरचे एक गृहस्थ किमतीवर अर्धा मिनिट आणि पॅनलच्या पानावर सहा मिनिटं, तेही दोनदा. पॅनलच्या पानावर असतं काय, तर कंपनी, वॉट, वॉरंटी आणि डीसीआर. मी ओळखलं की ह्यांना कुणीतरी बिगर-डीसीआर पॅनलचं स्वस्त कोटेशन दिलंय. डीसीआर म्हणजे देशात बनवलेले सेल असलेलं पॅनल, ते नसेल तर ती सबसिडी मिळतच नाही. फोन केला, पैशाचा विषयच काढला नाही, नुसतं डीसीआर समजावून सांगितलं, ते म्हणाले अरे हे तर तो दुसरा बोललाच नाही. काम आम्हाला मिळालं.

फजितीपण झालीये. अंबड एमआयडीसीतल्या एका युनिटला मेलवर लिंक पाठवली, दोन सेकंदात उघडली, सगळी पानं. मी दादाला ओरडून सांगितलं बघ किती उत्सुक आहेत, दादाने लगेच चहा सांगितला. नंतर कळलं की कंपन्यांच्या मेलमध्ये व्हायरस तपासणारं सॉफ्टवेअर असतं, ते माणसाच्या आधी स्वतःच लिंक उघडून बघतं. चहा वाया. लोकेशनचंपण तसंच, माणूस इथे नाशिकच्या सिडकोत बसलेला आणि मला मुंबई दिसते, कारण मोबाईल नेटवर्कचं लोकेशन असंच कुठलंही येतं. त्यावर विश्वास ठेवणं मी सोडलंय.

आणि लोक लिंकला घाबरतात हो. बरोबरच आहे, मध्यंतरी फोन लावला की अनोळखी लिंकवर क्लिक करू नका अशी टेप लागायची, ती ऐकून ऐकून कान किटलेत, आणि वर मी लिंक पाठवते. सुरुवातीला मी उघडण्याआधी ईमेल टाका असं सेटिंग ठेवलेलं, म्हणजे नाव कळेल. चार दिवसांत काढलं. "हे काय मागतंय, पीडीएफ द्या ना ताई" हाच मेसेज सगळ्यांचा. आता आधी फोन करून सांगते की माझ्या नंबरवरून लिंक येईल, आणि तरीही पीडीएफच पाहिजे म्हणाले तर गपचूप देते, गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझीच. गंगापूर रोडचे एक रिटायर्ड साहेब, रात्री साडेअकराला किमतीचं पान बघत होते, मी सकाळी नऊला फोन करून उत्साहात म्हटलं "काल रात्री बघितलंत ना?" पलीकडे शांतता. मग म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" आवाजच बदलला होता. मला इतकं ओशाळं झालं की सांगता येत नाही. माफी मागितली, सगळं समजावून सांगितलं, ते "ठीक आहे" म्हणाले आणि विषय संपला असं मी धरून चालले. तेव्हापासून लिंकसोबतच लिहिते की ही उघडली की मला कळतं, त्यामुळे लगेच फोन येईल असं समजू नका, तुम्ही निवांत बघा. दादा म्हणतो असं सांगून कोण उघडणार? उघडतात की.

त्या साहेबांचं मी मनातून सोडून दिलं होतं. तीन आठवड्यांनी त्यांचा मेसेज आला: "काल रात्री पुन्हा बघितलं. तुम्हाला कळलंच असेल. आता फोन करायला हरकत नाही."