क्रूसाची वाट, धुळवडीच्या दिवशी

धुळवडीच्या दिवशी लोकलने प्रवास करू नये, असे घरच्यांनी बजावले होते आणि मी ते ऐकले नाही. १४ मार्च २०२५ रोजी, शुक्रवारी दुपारी, नालासोपारा स्थानकाबाहेर पडेपर्यंत माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीमागून गुलाबी रंगाचा एक अख्खा पंजा उमटला होता. तो कोणाचा हे मला शेवटपर्यंत कळले नाही. अशा अवतारात मी ज्या ख्रिस्ती घरी निघालो होतो, तिथे त्या दिवशी सामिष स्वयंपाक नव्हता, गाणीबजावणी नव्हती आणि संध्याकाळी सगळ्या आळीला क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जायचे होते. कचेरीतल्या माझ्या मित्राचे हे गाव वसईतल्या निर्मळ आणि नंदाखाल यांच्या आसपासच्या हिरव्या पट्ट्यात आहे. गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे एका कुंपणाची गोष्ट यायची आहे.

बस सोपाऱ्यातून निघून निर्मळच्या दिशेला लागली, तशा इमारती मागे पडल्या आणि केळीच्या बागा, विहिरी व वळणावळणावर उभे असलेले पांढरे क्रूस दिसू लागले. निर्मळला एकीकडे शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे आणि त्याच गावात पवित्र क्रूसाला वाहिलेले चर्चही आहे. तिथे उतरणाऱ्या बायकांपैकी कोण कुठे जाणार, हे त्यांच्या हातातल्या फुलांवरून सांगता येत नव्हते. मोगरा दोन्हीकडे चालतो.

मित्राच्या आईला मी मावशी म्हणतो. त्यांनी दारातच माझी पाठ निरखली आणि म्हणाल्या, "आमची राख नऊ दिवसांपूर्वी लागली, तुझी आज लागली. आत ये."

हा हिशेब अगदी बरोबर होता. राखेचा बुधवार त्या वर्षी ५ मार्चला आला होता आणि तिथून उपवासकाळ सुरू झाला होता. ईस्टर (मावशी त्याला पास्का म्हणतात) हा सण तारखेला बांधलेला नाही, चंद्राला बांधलेला आहे: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार हा पुनरुत्थानाचा रविवार मानायचा, मग तिथून मागे मोजत राखेच्या बुधवारापर्यंत यायचे. मागे मोजताना रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस असतो. म्हणून पंचांगात सेहेचाळीस दिवस दिसले, तरी उपवासाचे दिवस चाळीसच भरतात. येशूने रानात उपाशी काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण. ज्यांच्या घरी तिथी पाहूनच सण ठरतात, त्यांना हे गणित समजायला वेळ लागू नये, पण मला मात्र मावशींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून दोनदा समजावले. त्या वर्षी रमजानही याच दिवसांत आला होता.

राखेबद्दल मला पूर्वी एवढेच ठाऊक होते की कपाळावर क्रूस काढतात. ती राख कुठून येते, हे त्या दुपारी कळले. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित झालेल्या झावळ्या लोक वर्षभर घरात, बहुधा क्रूसाच्या मागे खोचून ठेवतात, उपवासकाळाच्या तोंडावर त्या चर्चमध्ये परत आणून देतात आणि त्या जाळून जी राख होते तीच कपाळी लागते. लावताना धर्मगुरू म्हणतात की तू माती आहेस आणि मातीला मिळशील, याची आठवण ठेव. किंवा मग पश्चात्ताप करून सुवार्तेवर विश्वास ठेवायला सांगतात. माझी आजी होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गार झालेली राख चिमटीत घेऊन आम्हा पोरांच्या कपाळाला लावीत असे. रंग त्यानंतर. धूलिवंदन या शब्दात धूळ आहे हे मी इतक्या वर्षांत विसरूनच गेलो होतो, आणि ते आठवायला मला वसईतल्या एका ख्रिस्ती स्वयंपाकघरात यावे लागले.

नियम फारसे कडक नाहीत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी खरा उपवास, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे काही. तोही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठीत न पोहोचलेल्यांपर्यंत. त्याखेरीज उपवासकाळातल्या शुक्रवारी चौदा वर्षांवरच्यांनी मांस खायचे नाही. मासळी मात्र चालते. समुद्रापासून इतक्या जवळ राहणाऱ्या माणसांना मटण सोडून मासळी खायला सांगणे म्हणजे उपवास की मेजवानी, असे मी बोलून गेलो. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणून तर आमच्या घरात शुक्रवारी मासळीपण बंद. रोमला काय ठाऊक इथली बोंबील-कोळंबी!"

त्यांनी वाढलेला भात, वाल आणि वांग्याची भाजी मी जेवलो. फळीवर मिठाच्या बरणीशेजारी जाड कागदाची एक डबी होती आणि तिच्या वरच्या बाजूला नाणे जाईल एवढी चीर होती. चाळीस दिवसांत जे जे सोडले, त्याचे वाचलेले पैसे तिच्यात जातात. मित्राच्या वडिलांनी बिडी सोडली होती. त्यामुळे रोज संध्याकाळी ते डबीत पैसे टाकताना चेहरा असा करतात की जणू डबीनेच बिडी ओढली आहे. मित्राच्या भाचीने वडापाव सोडला होता, पण तिने डबीत टाकलेल्या नाण्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवला होता आणि ती वही मला दाखवलीसुद्धा. दान गुप्त असावे, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, असे राखेच्या बुधवारच्याच शुभवर्तमानात आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीला ते कोण सांगणार? ही डबी शेवटी चर्चमध्ये जाते. तिच्यातून काही रक्कम गावातल्या आजारी माणसांच्या औषधांना लागते आणि काही धर्मप्रांतामार्फत कारितास इंडिया ही कॅथलिक सेवासंस्था भूक आणि रोग यांच्याविरुद्ध दर उपवासकाळात जी मोहीम चालवते तिच्याकडे जाते.

चार वाजता आम्ही चर्च पाहून आलो. वेदीवर आणि धर्मगुरूंच्या वस्त्रांत जांभळा रंग होता, फुले जवळजवळ नव्हती. या दिवसांत मिस्सेमध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, 'आलेलुया' हा आनंदाचा स्तुतिघोष म्हणत नाहीत. तो शब्द ईस्टरच्या जागरणाच्या रात्रीपर्यंत तोंडातून काढायचाच नाही. लग्नेही होत नाहीत, म्हणून बँडवाले आणि मंडपवाले यांचाही हा एक प्रकारचा उपवासकाळच. दारातल्या फलकावर खडूने लिहिले होते की पोप फ्रान्सिस यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करावी. ते १४ फेब्रुवारीला रोमच्या गेमेली रुग्णालयात दाखल झाले होते, त्याला त्या दिवशी बरोबर महिना झाला होता.

इथल्या लोकांच्या श्रद्धेचे वय काही शतकांचे आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे आली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले आणि माणसे आपल्या प्रार्थनांसह इथेच राहिली. पुढे मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा काढून १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मित्राची आजी लाल लुगड्यात ओटीवर बसली होती. ती म्हणाली की तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची आणि ते सगळे तिला पाठ होते, अर्थ मात्र एका शब्दाचा कळत नसे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, हळूहळू सगळे मराठीत आले. "मग कळायला लागलं," ती म्हणाली, "आणि कळल्यावर भीती वाटायला लागली."

साडेसहाला ऊन उतरल्यावर आळी रस्त्यावर आली. क्रूसाची वाट म्हणजे रोमन सुभेदार पिलाताने मरणदंड सुनावल्यापासून थडग्यात ठेवीपर्यंतची येशूची शेवटची वाटचाल चौदा स्थानांमध्ये विभागून, प्रत्येक स्थानापाशी थांबून प्रार्थना करीत चालणे. जेरुसलेमला जाऊन ती प्रत्यक्ष वाट चालणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांनी आपापल्या गावी ती मांडली, आणि १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी स्थानांची संख्या चौदा अशी पक्की केली. प्रवासाची आवड असलेल्या माणसाने थांबून विचार करावा अशी ही गोष्ट आहे: न गेलेल्यांसाठी केलेली यात्रा. आपल्याकडे पंढरीला न पोहोचणाऱ्यांसाठी गावोगाव प्रतिपंढरपुरे झाली, त्यातलाच हा प्रकार.

चर्चच्या आत चौदा चित्रे भिंतीवर असतातच, पण या आळीत शुक्रवारची वाट घरोघरी चालतात. चौदा घरांच्या दारात चौदा छोटी टेबले मांडली होती. प्रत्येकावर पांढरे कापड, एक क्रूस, दोन मेणबत्त्या, आणि वारा आला की मेणबत्त्यांभोवती तळहात धरून बसलेले एक मूल. पुढे लाकडी क्रूस. तो साधारण पुरुषभर उंचीचा होता आणि दर स्थानापाशी खांदा बदलत होता: ज्या घरापाशी थांबायचे त्या घरातल्या माणसाने तो घ्यायचा आणि पुढच्या घरापर्यंत न्यायचा, असा रिवाज. स्थान कोणाच्या दारात, हे आळीतल्या समूहाच्या प्रमुख बाई ठरवतात. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांनी ठरवलेले बदलत नाही.

चौथ्या स्थानापाशी, जिथे येशूला त्याची आई भेटते, मावशींनी माझ्या कानात सांगितले की हे थोरल्याचे घर आणि पुढचे धाकट्याचे. दोन घरांच्या मध्ये काटेरी तारेचे कुंपण होते आणि तारेच्या अलीकडे-पलीकडे एकाच विहिरीचे दोन भाग झाले होते. रहाट एका बाजूला, पायऱ्या दुसऱ्या बाजूला. बांधाच्या वादावरून भावाभावांत सहा वर्षे बोलणे नव्हते. दर उपवासकाळात धर्मगुरू पापनिवेदनाला या, समेट करा, असे सांगत. दोघेही पापनिवेदन करीत, समेट करीत नसत. या वर्षी बाईंनी चौथे स्थान एकाकडे आणि पाचवे दुसऱ्याकडे दिले होते.

पाचवे स्थान शिमोनाचे. थोरला क्रूस घेऊन तारेच्या कडेने चालत धाकट्याच्या दारात आला तेव्हा शंभरेक माणसे होती आणि चपलांचा आवाजसुद्धा थांबला होता. चिंतन बाईंनी स्वतःच वाचले. त्यांनी क्षमेचा शब्दही काढला नाही. त्या एवढेच म्हणाल्या की कुरेने गावचा हा शिमोन काही पुण्य करायला निघाला नव्हता. तो शेतावरून घरी चालला होता, दमलेला होता, शिपायांनी त्याला धरले आणि क्रूस त्याच्या खांद्यावर चढवला. त्याला कोणी विचारलेच नव्हते. मग सगळे गुडघ्यांवर टेकले, उठले, आणि धाकट्याने क्रूस घ्यायची वेळ आली. त्याने हात पुढे केले ते क्रूसाच्या खालच्या टोकाकडे, भावाचा हात जिथे नव्हता तिथे. पण लाकूड जड होते. एका बाजूने ते उचलेना, तेव्हा थोरल्याने सोडता सोडता पुन्हा धरले, आणि दोघांनी मिळून ते धाकट्याच्या खांद्यावर ठेवले. थोरल्याच्या बोटांना सकाळच्या कामाची माती तशीच होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. मिरवणूक सहाव्या घराकडे निघाली आणि पाठीमागे कोणीतरी नाक शिंकरले.

माझे मन तिथून पुढच्या स्थानांत फारसे लागले नाही, हे कबूल करतो. येशू तीनदा पडतो हे आठवते, शेवटच्या टेबलावरचा मोगरा आठवतो आणि अंधारात एका कुत्र्याने सबंध वाट आमच्याबरोबर चालल्याचे आठवते. संपल्यावर बाईंच्या अंगणात सगळ्यांना कोरा चहा मिळाला. तिथे तरुण धर्मगुरूंशी बोलताना मी म्हणालो की उपवास करणे हे मला एकट्याचे काम वाटत होते. ते म्हणाले, "सोडणं एकट्याला जमतं. बिडी सोडता येते, मटण सोडता येतं. भांडण सोडायला दुसरा माणूस लागतो आणि तो नेमका त्या वेळी घरी नसतो." मग माझ्या पाठीवरचा पंजा पाहून त्यांनी विचारले की हा रंग धुऊन जाईल ना. तो गेला नाही.

झावळ्यांच्या रविवारी, १३ एप्रिलला, मी पुन्हा गेलो. चौकातल्या क्रूसापासून चर्चपर्यंत मिरवणूक निघाली, मुले झावळ्या एकमेकांच्या डोक्यांवर आपटीत होती आणि मोठी माणसे 'होसान्ना' म्हणत होती; येशूचे जेरुसलेममध्ये स्वागत झाले तो हा दिवस, आणि त्याच मिस्सेत त्याच्या मरणाची सबंध कथाही वाचतात, तेव्हा सकाळी जयजयकार करणाऱ्या आपल्यालाच जमावाच्या तोंडचे 'त्याला क्रूसावर द्या' हे ओरडावे लागते. भाचीने पात चिरून, घड्या घालून बोटाएवढा क्रूस विणून मला दिला आणि ताकीद दिली की हा हरवायचा नाही, पुढच्या वर्षी राखेसाठी परत आणायचा आहे. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, पिवळा पडला आहे.

परतताना मी मुद्दाम त्या दोन घरांवरून गेलो. तार होती तशीच होती. विहिरीवर धाकट्याची बायको पाणी शेंदत होती आणि पलीकडे थोरला केळीला काठीचा आधार देत होता. कोणी कोणाशी बोलत नव्हते. मी मावशींना म्हटले की काहीच झाले नाही की.

मावशींनी हातातल्या झावळीने डास हाकलला. "पास्काला अजून आठवडा आहे," त्या म्हणाल्या.