बाळ येशूची जत्रा आणि शरणपूरची उपासना

फेब्रुवारी आला की नाशिकच्या मैत्रिणीचा मेसेज ठरलेला, "दुसऱ्या शनिवारी बाळ येशूची जत्रा आहे, येतेस का?" कॉलेजपासून ऐकतेय, दरवर्षी काहीतरी आडवं येतं, यंदा गेले एकदाची. शुक्रवारी संध्याकाळी कल्याणहून पंचवटी पकडली तर डब्यात बरेच लोक तिकडेच निघालेले. समोरच्या सीटवरच्या वसईच्या दोघी बायका लांब मेणबत्त्या कागदात गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या होत्या, घाट चढताना गाडी हलली की आधी मेणबत्त्या सांभाळायच्या.

मैत्रिणीचं घर प्रोटेस्टंट आणि जत्रा कॅथलिकांची, पण काकू म्हणाल्या, "अगं जत्रेला सगळेच जातात, शेजारच्या देशपांडे वहिनी तर माझ्या आधी निघतात." आणि खरंच तसंच होतं. नाशिकरोडला या जागेला लोक बाळ येशू मंदिरच म्हणतात. रांगेत कुंकू लावलेल्या बायका, गळ्यात क्रॉस घातलेली पोरं, गोव्याकडची मंडळी, सगळं एकत्र. ही भक्ती मूळची युरोपातल्या प्राग शहरातली. तिथली मेणाची मूर्ती 1628 साली कार्मेलाइट साधूंना भेट मिळाली, उंची जेमतेम 47 सेंटिमीटर. उजवा हात आशीर्वादाला वर केलेला, डाव्या हातात पृथ्वीचा गोल. इथे माझ्या पुढच्या आजी त्या बाळाशी नातवाशी बोलावं तसं बोलत होत्या, "येते रे राजा, पुढच्या वर्षी गुडघे दे म्हणजे झालं."

मला वाटलं दर्शन झालं, मेणबत्ती लावली, आता निघायचं. मी वारकरी घरातली, रांग आणि दर्शन एवढं चांगलं समजतं. मैत्रीण म्हणाली, "थांब, मिस्सा कुठे झालाय अजून!" म्हणजे एवढा वेळ जे केलं ती नुसती भेट, उपासना पुढेच होती. मांडवात मराठी मिस्सा सुरू झाला, फादर एक वाक्य म्हणणार आणि एवढा मोठा जमाव एका आवाजात उत्तर देणार, उठणं बसणं गुडघे टेकणं सगळं एकदम, आणि कुणाच्याही हातात कागद नाही.

पण मला जे खरं भिडलं ते रविवारी, शरणपूरच्या छोट्या उपासनेत. शरणपूर रोड म्हटलं की आपल्याला तिबेटीयन मार्केटचे स्वेटर आठवतात, पण हे नाव शरण आलेल्यांचं पूर म्हणून पडलेलं. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहून सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं वाचणं शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. 1873 साली स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत आत खोलवर वारला तेव्हा सोबतच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि त्यावेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या जेकबने. मग कित्येक महिने चालत त्यांनी देह समुद्रापर्यंत आणला, पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळीही जेकब हजर होता. काकांनी हे चर्चच्या वाटेवर सांगितलं आणि मी रस्त्यातच थांबले. नाशिकला शिकलेला मुलगा, हजारो मैलांवर, धर्मगुरू नाही, चर्च नाही, घंटा नाही, तरी उपासना झाली.

आत गेल्यावर काकूंनी डोक्यावर पदर घेतला, मीही ओढणी घेतली. पेटी आणि तबला होता. पहिलंच गीत अभंगाच्या चालीचं, मला शब्द येत नव्हते पण चाल पायात आली. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला पण भजन कीर्तन टाकलं नाही, ते चर्चमध्ये आणलं, म्हणून आज माझ्यासारखीला तिथे परकं वाटत नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, ते तर इथून जवळच.

मग सगळे मिळून पापांगीकार म्हणाले. जे करायला हवं होतं ते केलं नाही, जे करायला नको होतं ते केलं, अशा अर्थाचे शब्द. शेजारी काकूंचा आवाज, मागे एका म्हाताऱ्या गृहस्थांचा खर्जातला आवाज, पुढच्या बाकावर शाळेतली मुलगी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी आयुष्यात अशी कबुली मनात दिली असेल, इतक्या लोकांत तोंडाने कधीच नाही. माझा आवाज फुटला नाही, खरं सांगते.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. येशूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री शिष्यांसोबत भाकर मोडली, द्राक्षारसाचा प्याला फिरवला आणि माझी आठवण म्हणून हे करत जा असं सांगितलं, तेच हे. कॅथलिक मानतात की ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, प्रोटेस्टंटांत आठवणीवर जास्त भर, यावरून शतकानुशतकं भांडणं झालीत. पण माझ्या समोर होते ते खर्जातले आजोबा. काठी बाकाला टेकवून वेदीपुढे गुडघे टेकले, दोन्ही तळवे एकावर एक ठेवून पुढे केले, आपण तीर्थ घेताना करतो तसे, आणि हात थरथरत असल्याने पाळकांनी भाकरीचा तुकडा ठेवून क्षणभर त्यांचे हात खालून धरून ठेवले. मी जागेवरच बसले होते, बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच ते असतं आणि ते मला बरोबर वाटतं, पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं.

बाहेर आल्यावर सगळे एकमेकांना "जय ख्रिस्त" म्हणत हात मिळवत होते. काकांना विचारलं, रविवारच का? म्हणाले, "येशू उठला तो रविवार, म्हणून प्रत्येक रविवार आमचा छोटा ईस्टर."

संध्याकाळी स्टेशनवर काकू डबा घेऊन आल्या, पोळी आणि वांग्याची भाजी. गाडी लागल्यावर त्यांनी प्लॅटफॉर्मवरच माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि माझ्या प्रवासासाठी, माझ्या आईच्या बीपीसाठी मोठ्याने प्रार्थना केली, हमाल, चहावाले सगळे शेजारून जात होते. शेवटी त्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं, मोठ्याने.