इपॉलेट शार्कचं अंडं: पहिल्या दिवसापासून पहिल्या घासापर्यंत

जात हेमिसिलियम ओसेलॅटम. मूळ घर ग्रेट बॅरियर रीफ आणि न्यू गिनीचा दक्षिण किनारा. खांद्यामागचा पांढऱ्या कडेचा मोठा काळा ठिपका ही हिची खूण. आपल्याकडच्या बाजारात येणारी मुशी सतत पोहते आणि थेट पिल्लांना जन्म देते. ही मात्र परांवर तळाशी चालते आणि अंडी घालते, त्यामुळे मुशीवरून बांधलेले अंदाज इथे लागू पडत नाहीत.

दिवस 1. अंडं 10 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद, तपकिरी. प्लास्टिक जाळीच्या टोपलीत ठेवून टोपली मोठ्या टाकीतच टांगली. वेगळी छोटी टाकी केली की तापमान आणि क्षार दोन्ही झपाट्याने हलतात. तापमान 25.5 अंश, घनता 1.025, अमोनिया शून्य, प्रवाह मंद. अंडं पाण्याबाहेर काढायचं नाही; आत हवेचा बुडबुडा अडकला की तो काढणं अवघड.

दिवस 24. अंड्यामागे पाण्यातच टॉर्च धरला. बलकावर वळवळणारा बारीक धागा दिसतोय, म्हणजे अंडं फळलेलं आहे. न फळलेल्या अंड्यात बलक फुटून पाणी गढूळ दिसतं. असं अंडं लगेच काढावं, नाहीतर सडून अमोनिया वाढतो.

दिवस 52. कवचाच्या कडेच्या फटी उघडल्या. आता पिल्लू शेपटी हलवून बाहेरचं पाणी आत खेचतं. कवचावर शेवाळ साचलं तर या फटी बुजतात. ते बोटानेच हलकं पुसायचं.

याच टप्प्यावर हीटर वाढवण्याचा मोह होतो. तो टाळाच. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याच जातीची अंडी 27, 29 आणि 31 अंशांवर वाढवली होती. 27 वर साधारण 125 दिवस लागले, 31 वर 100. पण लवकर निघालेली पिल्लं लहान आणि थकलेली होती, कारण उष्णतेत बलक भराभर संपला. वाचलेले 25 दिवस पिल्लाच्या अंगातून वजा होतात.

आणखी एक गैरसमज. ओहोटीत रीफवरच्या डबक्यांत ऑक्सिजन जवळपास संपतो तेव्हाही मोठी इपॉलेट तग धरते, म्हणून काहीजण हवेचा पंप दुय्यम मानतात. ती क्षमता काही तासांच्या संकटापुरती असते. वीज गेली की चालणारा बॅटरीचा पंप हवाच.

दिवस 118. पिल्लाने कवच भरून टाकलंय, पण बलकपिशवी अजून वाटाण्याएवढी आहे. कवच कापायचं नाही. पिशवी शिल्लक असताना बाहेर आलेलं पिल्लू बहुतेकदा टिकत नाही.

दिवस 134. रात्री बाहेर आलं. लांबी 15 सेंमी, अंगावर गडद पट्टे; ठिपके वाढीबरोबर येतील. आता 60 × 45 सेंमीची जाळीपेटी, तळाला बारीक वाळू, लपायला पाइपचा तुकडा. पंपाच्या तोंडावर स्पंज बसवला, नाहीतर पर आत ओढला जातो.

दिवस 135 ते 139. काही खाल्लं नाही. पोटात उरलेला बलक चालतो, घाई नको. न खाल्लेला तुकडा तासाभरात काढायचा.

दिवस 140. दिवे मालवल्यावर 5 मिमीचा माकुलाचा तुकडा प्लास्टिकच्या चिमट्याने नाकासमोरून तळालगत ओढला. तिसऱ्या वेळी पकडला आणि गिळला. आता रोज रात्री तीन-चार तुकडे, पोट किंचित गोल दिसेपर्यंत, आलटूनपालटून कोळंबी. गोठवलेल्या खाद्यात ब 1 जीवनसत्त्व घटतं, म्हणून पूरक गोळीची पूड तुकड्यात भरायची. आयोडीनही लागतं: नायट्रेट जास्त असलं की शार्कला गलगंड होतो. औषध कुठलंही असो, तांबं असलेलं या टाकीत टाकायचं नाही.

दिवस 146. सलग सहा रात्री खाणं चालू. पहिलं वजन दिवस 160 ला, पाण्याने भरलेल्या डब्यातच.