शंकरनकुट्टी जेवतो तसं

२९ जानेवारी २००८, मंगळवार. संध्याकाळी पिंपरीतल्या एका पेशंटच्या घरी व्यायाम घ्यायला गेले. काका मूळचे केरळचे, नोकरी सगळी इथल्या कारखान्यात. लकव्यानं उजवं अंग गेलेलं, बोलणं जड झालेलं. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आज व्यायाम नको म्हणतायत. गोपी गेले." मला वाटलं, गावाकडचं कुणीतरी. आत मल्याळम चॅनेल चालू होतं आणि पडद्यावर टक्कल पडलेला, टपोऱ्या डोळ्यांचा माणूस. मल्याळम नट भरत गोपी.

मला ते स्मिता पाटीलमुळे माहीत होते. दिग्दर्शक अरविंदन यांच्या 'चिदंबरम' या मल्याळम सिनेमात दोघं एकत्र होते. हे सांगितल्यावर काका माझ्याकडे वळले आणि बोलायलाच लागले. एरवी शब्द अडखळतो म्हणून ते मानेनंच उत्तर द्यायचे. गोपी वीज मंडळात कारकून होते, नाटकातून आले, हिंदीत गोविंद निहलानींच्या 'आघात'मध्येही होते. तो सिनेमा कामगार संघटनेचा, त्यामुळे काकांच्या कारखान्यातल्या मंडळींनी तो मिळून पाहिला होता.

मग ते आले 'कोडियेट्टम'वर. अडूर गोपालकृष्णन यांचा हा सिनेमा. १९७७ चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार गोपींना त्यातल्या शंकरनकुट्टीसाठी मिळाला. बहिणीच्या जिवावर जगणारा, जत्रा-उत्सवांत रमणारा, बाजूनं लॉरी सुसाट गेली तरी तिचा वेग बघून थक्क होणारा हा भोळा गडी पुढे लॉरीवरच क्लीनर होतो. पार्श्वसंगीत नाही. सगळा भार गोपींच्या अंगावर.

"आणि जेवतो कसा!" काका म्हणाले. त्यांनी काकूंना ताट मागितलं. काकू क्षणभर जागच्या हलल्या नाहीत. आजारपणापासून काका कुणासमोर जेवले नव्हते. डाव्या हातानं जेवायची त्यांना फार लाज वाटायची. भात-सांबार आलं. डाव्या हातानंच मोठमोठे घास कालवून, जगात दुसरं काही नसल्यासारखं मन लावून त्यांनी शंकरनकुट्टी जेवून दाखवला. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून सांबार ओघळलं, तेही त्यांनी पुसलं नाही. मी इतकी वर्षं पेशंटना ताट-वाटी देऊन सराव करवते, पण इतक्या भुकेनं जेवणारा पेशंट पाहिला नव्हता.

ताट बाजूला सारून त्यांनी पुढचं सांगितलं. १९८६ मध्ये गोपींनाही पक्षाघात झाला. ऐन भरात होते तेव्हा. ज्या नटाचं सगळं काम शरीरावर, त्याचं शरीरच अडलं. तरी ते घरी बसून राहिले नाहीत. १९९१ मध्ये त्यांनी 'यमनम्' दिग्दर्शित केला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनयावर पुस्तक लिहिलं. पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले; २००६ च्या 'रसतंत्रम्'मध्ये ते मोहनलालचे वडील होते. माझ्या मते अभिनेता म्हणून त्यांचं मोठेपण या परतण्यातही तेवढंच आहे, आणि आमच्या क्षेत्रात ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं.

निघताना मी विचारलं, "काका, पुढच्या वेळी उजव्या हातात चमचा धरून बघायचा?"

"जाड मुठीचा आण, मोळे," म्हणजे मुली, ते म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. मी दुसऱ्याच दिवशी चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळून घेतला.