दूरच्या तज्ज्ञाला बाळाचं हृदय नीट दिसावं म्हणून

भामरागडहून नागपूर गाठायचं तर आधी गडचिरोली, मग पुढे आणखी पावणेदोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, आणि बालहृदयरोगतज्ज्ञ मोजक्याच शहरांत आहेत. जिल्हा रुग्णालयात काढलेला इको (हृदयाची सोनोग्राफी) तज्ज्ञाला तिथूनच दाखवता आला तर कितीतरी बाळांचा प्रवास वाचतो, आणि ज्यांना जायलाच हवं ती वेळेत निघतात.

पण यंत्र आलं, नेट जोडलं, तरी मत चुकू शकतं. तिकडच्या डॉक्टरांना इकडचा हात दाखवेल तेवढंच दिसतं.

आधी कोणत्या बाळाचा इको करायचा हे ठरवू. जन्मानंतर २४ ते ४८ तासांत उजव्या हाताचं आणि कुठल्याही एका पायाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, बघा. उजवाच हात, कारण त्या हाताकडे जाणारं रक्त डक्टच्या (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी, जन्मानंतर मिटणारी वाहिनी) आधीच महाधमनीतून फुटतं. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३ किंवा कमी असेल तर ठीक. कुठेही ९०च्या खाली असेल तर थांबू नका. मधला आकडा आला तर तासाने पुन्हा बघा, आणि तसाच राहिला तर इको. पाय गार असेल, बाळ रडत असेल किंवा फोटोथेरपीचा उजेड सेन्सरवर पडत असेल तर आकडा खोटा येतो. मोठ्यांची बोटाची क्लिप नवजात बाळाला लावूच नका. गुंडाळायचा सेन्सर लावा, वरून कापड झाका. आणि आकडे चांगले आले तरी जांघेतली नाडी चाचपा. महाधमनी अरुंद असलेली बाळं या चाचणीतून निसटतात.

आता इको. नवजाताला ८ ते १२ मेगाहर्ट्झचा प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) लागतो, थोड्या मोठ्या मुलांना ५ ते ८. पोटाच्या सोनोग्राफीचा वाकडा प्रोब दोन फासळ्यांच्या फटीत मावत नाही, त्याने काम भागवू नये. जेली कोमट करून घ्या, बाळाला नुकतंच दूध पाजलेलं असू द्या, खोली उबदार ठेवा. रडणाऱ्या बाळाचं चित्र हलतं, आणि रडल्याने फुप्फुसांतला दाब वाढून मोजमापंही बदलतात.

सगळ्यात जास्त गफलत होते ती क्लिपमध्ये. काढणारा माणूस छान दिसलेली एकेक चौकट थांबवून पाठवतो. तज्ज्ञाला हवा असतो स्वीप: बरगड्यांच्या खालून, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपासून सुरुवात करून प्रोब सावकाश वर वळवत थेट महाधमनीपर्यंत नेलेला. कुठली वाहिनी कुठल्या कप्प्यातून निघते ते या सलग हालचालीत कळतं. ईसीजीची लीड जोडलेली असली की बरीच यंत्रं दोन-तीन ठोक्यांचीच क्लिप साठवतात. सेटिंग सेकंदांवर आणा, स्वीपला ६ ते ८ सेकंद द्या. तोच स्वीप एकदा साधा, एकदा रंगात (कलर डॉपलर, ज्यात रक्ताचा प्रवाह दिसतो). फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा बघताना रंगाची पट्टी (वेगाचं माप) खाली आणा, नाहीतर तिथला संथ प्रवाह दिसतच नाही आणि टीएपीव्हीसीसारखा (फुप्फुसांच्या शिरा हृदयाच्या डाव्याऐवजी उजव्या बाजूला जोडलेल्या असणं) घातक दोष हातचा जातो. शेवटी मानेच्या खळगीतून महाधमनीची कमान. ती टाळली जाते, कारण तिथे प्रोब टेकवला की बाळ हमखास रडतं. म्हणूनच ती शेवटी घ्यायची.

पाठवताना यंत्राच्या पडद्याचा मोबाइलने व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर टाकू नका. नवजाताचं हृदय मिनिटाला १४० ठोके देतं, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाहूनही कमी. सेकंदाला ३० चौकटी मिळाल्या तरी एका ठोक्याला जेमतेम १३ येतात; दाबलेल्या व्हिडिओत त्याही गळतात आणि रंगाचे नुसते चौकोन उरतात. यंत्रातली मूळ डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित स्वरूपातली) फाइल पाठवा. ५०० एमबीच्या तपासणीला २ एमबीपीएसच्या अपलोडवर साधारण ३३ मिनिटं लागतात. नेटवाला सांगतो तो वेग डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेगळा मोजून घ्या. बाळ अत्यवस्थ असेल तर थेट जोडणीच बरी, कारण तज्ज्ञ तिथल्या तिथे “प्रोब जरा डावीकडे” म्हणू शकतात.

डिजिटल स्टेथोस्कोपने मर्मर (ठोक्यांमधला जादा फुसफुस आवाज) ऐकवायचा असेल तर व्हिडिओ कॉलमधली आवाज गाळण्याची सोय आधी बंद करा. ती बोलणं ठेवते आणि बाकीचा आवाज गोंगाट समजून पुसते, त्यात मर्मरही जातो. ऐकणाऱ्याने चांगला हेडफोन लावावा, फोनच्या स्पीकरमधून हलके खर्जाचे आवाज येत नाहीत.

सोबत वय दिवसांत, वजन, चारही हातापायांचं बीपी आणि ईसीजी द्या. वयाशिवाय ईसीजी वाचताच येत नाही: पहिल्या काही दिवसांत छातीवरच्या व्ही१ या लीडमधली टी लहर वर असणं चालतं, आठवड्यानंतर तीच वर राहिली तर उजव्या कप्प्यावर ताण असल्याची शंका येते. केंद्राच्या मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढ व्यक्ती असावी लागते आणि तिची ओळख पटवावी लागते. आई-बापांची संमती नोंदवा.

डक्टवर अवलंबून असलेला दोष निघाला तर तज्ज्ञ डक्ट उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन ई१ सुरू करायला सांगतील. त्याची कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर राहते, तेव्हा ती एसएनसीयूत (आजारी नवजातांच्या विशेष कक्षात) आहे का हे आजच बघा. या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो. अँब्युलन्समध्ये अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), योग्य मापाचा मास्क, ट्यूब आणि ती घालता येणारा माणूस असल्याशिवाय निघू नका. अशा बाळाला सहसा ७५ ते ८५ सॅच्युरेशन पुरतं. आकडा ९८वर नेण्याच्या नादात ऑक्सिजन वाढवला तर डक्ट आकसू शकते.

हृदयाच्या पडद्यात मोठं छिद्र असलेल्या बाळाला एकाच इकोवर मोकळं सोडू नका. तिसऱ्या दिवशी बाळ खणखणीत दिसतं. फुप्फुसांतला दाब उतरतो तसं साधारण दुसऱ्या महिन्यात धापायला लागतं. सहाव्या आठवड्याचा कॉल घरी सोडतानाच ठरवा, आशाताईंना तारीख द्या. त्या दिवशी वजन हवं, झोपेत पूर्ण मिनिटभर मोजलेले श्वास हवेत, आणि आईला हेही विचारा की दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम येतो का.