कडता

"काका, प्रोग्राम चालना गेलाय."

दिवसातून दहादा तरी हे ऐकतो. विद्यापीठाच्या संगणक विभागात मी प्रयोगशाळा सहायक आहे. शिकवणारे 'सर', मी 'काका'. त्याआधी 11 वर्षं लातूरच्या आडत लाईनीत मुनीम होतो. दुकानात संगणकावर हिशोब ठेवायचं टॅली आलं, ते शिकायला बसणारा मी एकटाच निघालो, मग शेजारपाजारचे आडतेही संगणक रुसला की मलाच हाक मारू लागले. तिथून इथं कसा आलो, हे बायकोलाही धड सांगता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात एक पोरगी रडकुंडीला आलेली. 500 पैकी 412 गुण, टक्केवारी काढायची, आणि उत्तर शून्य! सी भाषा मला कुठली यायला? पण तिनं आधी 412 ला 500 नं भागून मग शंभरानं गुणलं होतं. मुनीम असं कधी करत नाही; आधी गुणतो, मग भागतो. तसं केलं तर 82 आले. सी पूर्णांकाला पूर्णांकानं भागताना दशांशापुढचं सगळं टाकून देते, हे मला नंतर कळलं. तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "बाई, हे तर कडता कापायलंय!" आडत्या कट्ट्यामागं थोडं वजन कापतो, तो कडता; यानं अख्खं पोतंच ठेवून घेतलेलं. आणि 82 वरचे 0.4 शेवटीही गिळलेच.

आडतीवर ताळा जुळला नाही की एकानं कीर्द मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं खतावणीवर खूण करायची. फरकाला 9 नं भाग जातो का, तेही बघायचं; गेला तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली. 450 चा फरक असला तर कुणीतरी 5,940 चे 5,490 केले असतील. इथंही मी म्हणतो, "वाच मोठ्यानं, एकेक ओळ." चौथ्या-पाचव्या ओळीला पोरगं थबकतं. "थांबा काका, सापडलं." मी काहीच केलेलं नसतं. संगणकवाले यासाठी टेबलावर रबरी बदक ठेवतात म्हणे, त्याला प्रोग्राम समजावून सांगायचा. एका सरांनी हे सांगितलं तेव्हा आधी राग आला. मग म्हटलं, बदकाला पगार नसतो. मला आहे, कंत्राटी का असेना.

परवा औशाकडच्या एका पोरानं प्रोजेक्ट दाखवला. शेतकऱ्याची हिशोबपट्टी काढणारा प्रोग्राम. वडलांचं सोयाबीन आमच्याच लाईनीत येतं. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं बरोबर. मी सवयीनं ओळी वाचत गेलो.

"कडता कुठाय रे?"

"ठेवलाच नाही, काका."