पद्मिनीचा ओला फडका अखेर सुटला: इलेक्ट्रिक पंप आणि रेग्युलेटर

उन्हात गाडी बंद पडली की इंजिनजवळच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओला फडका टाकायचा आणि पंधरा मिनिटं सावलीत बसायचं, हे फियाटवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाबांनी ते तीस वर्षं केलं, मीही करत होतो. पण फेब्रुवारीत साखळीहून परतताना चोर्ला घाटात एकाच चढणीला तीनदा थांबलो. तिसऱ्या वेळी प्यायच्या पाण्याची बाटली फडक्यावर ओतली, तेव्हा बायको काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्यातून हे काम सुरू झालं.

गाडी तीच, १९८६ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, १०८९ सीसी, सोलेक्स कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा). घरी आल्यावर ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढून वास घेतला तर ऑइलला पेट्रोलचा दर्प. म्हणजे इंजिनच्या कुशीतल्या मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटून पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरत होतं. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला काय करतं ते सांगायला नको. नवा डायफ्राम टाकता आला असता, दोन वर्षांपूर्वी टाकलाही होता. पण जुनं रबर आणि आताचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यांचं जमत नाही. बेळगाव जिल्ह्यात ऊस आमचा, त्याचं इथेनॉल आमच्याच कारखान्यांचं, आणि सडणारं रबरही आमच्याच गाडीचं.

पंप मागे टाकीजवळ नेण्याचं खरं कारण मात्र वेगळं. पेट्रोलमधला हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. मेकॅनिकल पंप पुढे असतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी ओढीवर असते, आणि ओढीवरचं पेट्रोल आणखी लवकर उकळतं. वर इंजिनची धग. नळीत वाफ झाली की डायफ्राम नुसता वाफेशीच खेळत बसतो. पंप मागे असला की तीच नळी दाबावर येते आणि वाफ सहजासहजी धरत नाही. हे समजल्यावर फडक्याचा मोह सुटला.

बेळगावात उद्यमबागला मेस्त्रीमामांना विचारलं. ते म्हणाले, “मारुतीचा टाकीतला पंप घाल की. जुना मिळतोय. रेग्युलेटर लावलास की झालं.” मामांचा हात सोन्याचा आहे, पण इथे ऐकलं नाही ते बरं झालं. मारुतीचा तो इंजेक्शनचा पंप तीन बारच्या आसपास, म्हणजे दर चौरस इंचाला त्रेचाळीस पौंड दाब देतो. आपल्या कार्ब्युरेटरच्या नीडलला (पेट्रोल आत सोडणारी-अडवणारी सुई) अडीच पौंड पुरतात. त्रेचाळीसचे अडीच करणं दाब कमी करणाऱ्या साध्या रेग्युलेटरचं काम नव्हे. मी चौकोनी, टकटक करणारा, चार ते सहा पौंडांचा पंप मागवला. “मोठा पंप घे, पिकअप वाढेल” असं सांगणारेही भेटले. घाटात गाडीने लिटरला पाच किलोमीटर दिले आणि ताशी चाळीसने चढली, तरी तासाला आठच लिटर लागतात. माझा पंप पाऊण मिनिटात लिटरची बाटली भरतो. पिकअपचा इथे काही संबंध नाही.

पहिला शनिवार बसवण्यात गेला. बॅटरीची वायर काढली, गाडी शेडबाहेर आणली (पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते), पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवलं. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली, सायलेन्सरच्या उलट्या बाजूला, रबरी बुशवर. त्याच्या आधी जाळीचा फिल्टर, नंतर बारीक फिल्टर. पाइप एसएई ३०आर९ असा शिक्का असलेलाच घेतला. साधा काळा पाइप इथेनॉलने आतून सोलतो आणि तेच कण नीडलमध्ये अडकतात. जुन्या पंपाच्या भोकावर सहा मिलिमीटर ॲल्युमिनियमची झाकणपट्टी मामांनी गॅस्केटसह बसवून दिली. रेग्युलेटर इंजिनवर न लावता बाजूच्या पत्र्यावर लावला, धगीपासून लांब.

वायरिंगवर मात्र दोन शनिवार गेले, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. चावी चालू की पंप चालू, अशी सरळ जोडणी करणारे खूप आहेत. अपघातात इंजिन बंद पडलं, नळी तुटली आणि चावी तशीच राहिली, तर पंप रस्त्यावर पेट्रोल ओतत बसतो. मी पाच पायांचा रिले घेतला, म्हणजे विजेवर ओढला जाणारा स्विच; पुढचे आकडे त्याच्या पायांचे. ३० वर फ्यूजमधून चावीचा करंट, ८७ए (रिले सुटलेला असताना ३० ला जोडलेला पाय) वरून पंप, ८६ चावीला आणि ८५ ऑइल प्रेशरच्या स्विचला, जिथे डॅशवरच्या लाल दिव्याची वायर जाते. ऑइलला दाब नाही तोवर स्विच अर्थला जोडलेला, रिले ओढलेला आणि पंप बंद. दाब आला की रिले सुटतो आणि पंप चालतो. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीसाठी वेगळं दाबायचं बटण दिलं आहे, दहा सेकंद धरलं की कार्ब्युरेटर भरतो.

यात एक खोट आहे. स्विचची वायर निसटली तर पंप चालूच राहील. पण मग चावी फिरवल्यावर लाल दिवाही लागणार नाही. म्हणून आता सवय लावली आहे: दिवा पेटला हे बघितल्याशिवाय स्टार्टर नाही. शिवाय भंगारातून एका फोर्डचा इनर्शिया स्विच (धक्का बसला की सुटणारा) मिळाला, तो फ्यूजनंतर टाकला. रबरी हातोडीने जवळ ठोकून बघितलं, सुटतो.

चौथ्या शनिवारी चाचणी, रेल्वे फाटकापर्यंत. गाडी भुसभुसत गेली आणि फाटक पडलेलं असताना बंद पडली. मागचा टेम्पोवाला उतरून बॉनेटमध्ये डोकावला. “पेट्रोल बरवल्दु री,” म्हणाला. पेट्रोलच येत नाहीये. बोट त्याने पारदर्शक फिल्टरवर ठेवलं होतं. आत बुडबुड्यांची माळ. पंपाच्या पुढच्या जोडात गळती असती तर थेंब दिसला असता. ओढीच्या बाजूचा जोड सैल असला तर काहीच गळत नाही, उलट हवा आत येते. टाकीजवळचा क्लिप मी पेचाच्या पट्टीचा लावला होता, त्याच्या दातांनी पाइप कापला होता. गोल कडेचे, पेट्रोल पाइपचे क्लिप लावले, बुडबुडे गेले. त्या भल्या माणसाने चहाही घेतला नाही.

पुढची अडचण उलटी निघाली. रेग्युलेटरवर १ ते ६ आकडे आहेत. त्याच्यासोबत आलेला दाबाचा गेज लावून तीन पौंड ठेवले. गाडी काळा धूर मारायला लागली, कार्ब्युरेटर वरून ओला. नीडल आणि सीट नवे टाकले. तरी तेच. नीडल वर-खाली करणारा तरंगता फ्लोट हलवून बघितला, त्यात पेट्रोल शिरलेलं नव्हतं. दोन संध्याकाळी कार्ब्युरेटर उघडला-बंद केला, मग डोक्यात आलं की खोटं कार्ब्युरेटर बोलतोय की गेज?

गेज तपासायला दुकानात जायची गरज नाही. पाण्याचा सत्तर सेंटीमीटर उंचीचा स्तंभ म्हणजे एक पौंड. पारदर्शक नळी घेतली, खालच्या टोकाला गेज, आणि जिन्यावर धाकट्या भावाला नळीचं वरचं टोक धरून उभं केलं. पाण्याची उंची १४१ सेंटीमीटर, म्हणजे दोन पौंड. गेज म्हणतो एक. २११ वर नेलं, म्हणजे तीन. गेज म्हणतो दोन. भाऊ वरून ओरडतोय, “दादा, हात दुखायलाय,” आणि मी खाली हसतोय. मी तीन समजून चार पौंड दाब देत होतो! रेग्युलेटरचे आकडे तर निव्वळ शोभेचे. (हे पाण्यानेच करा, पेट्रोलने नको.) आता गेजवर दीड ठेवतो, खरा अडीच. धूर गेला.

सहाव्या शनिवारी चोर्ला. बायको स्वतःहून आली. जांबोटी, कणकुंबी, खाली केरीपर्यंत उतरून लगेच मागे वळलो, दुपारी दीड वाजता, मुद्दाम उन्हात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत एकदाही अडखळली नाही. कणकुंबीला बॉनेट बंद ठेवून चहाला पंचवीस मिनिटं थांबलो. गरम इंजिन थांबलं की पंखाही थांबतो आणि आतली धग आणखी वाढते, त्यामुळे तीच खरी परीक्षा. पहिल्या चावीला लागली नाही. दुसऱ्याला लागली, पण थोडा पेट्रोलचा वास आणि दोन ठोके चुकले. बंद करून गेज पाहिला: दीडवर ठेवलेली सुई चहाच्या वेळात तीनपर्यंत चढली होती. रेग्युलेटर आणि नीडल यांच्या मधलं कोंडलेलं पेट्रोल गरम होऊन फुगतं, त्याला मागे जायला वाट नाही, मग ते नीडल ढकलून आत सांडतं.

उपाय म्हणजे टाकीकडे परतीची बारीक नळी, मध्ये छोट्या भोकाचा जेट. त्यासाठी टाकीला नवा निपल (नळी जोडायचं तोंड) हवा, म्हणजे टाकी उतरवायची आणि रिकामी करून नीट धुवायची. डाख लावायचा की नट-वॉशरवर भागवायचं, यावर मामांचं आणि माझं अजून एकमत नाही. टाकीत सध्या पंधरा लिटर आहे. ते संपवायला येत्या रविवारी निपाणीला जाऊन येतो, वाटेत तवंदी घाटही होईल.